ओराटीले, शेळ्या आणि दहा पत्रे

३ नोव्हेंबर
आजपासून रोज लिहायचं. छपरासाठी दहा पत्रे आणले. ओराटीलेचं म्हणणं, दहाही स्वयंपाकघरावर घाला, दोन वर्षं उघड्यावर रांधतेय. माझं मन शेळ्यांच्या गोठ्यात. निकाल: पाच बायकोला, पाच शेळ्यांना. तडजोड म्हणजे हेच, कुणीच पुरतं हरत नाही. शेळ्यांना बोलता येत नाही म्हणून त्यांची बाजू मलाच मांडावी लागली. ओराटीलेही काही बोलली नाही. पटलं असावं.

९ नोव्हेंबर
दुपारी पाऊस. स्वयंपाकघराच्या उघड्या अर्ध्यातून थेट ज्वारीच्या पिठात. पीठ त्याच अर्ध्यात ठेवायची काय गरज होती, असं मी अगदी शांतपणे विचारलं. ती माहेरी गेली. चार दिवसांत येईल. जमिनीच्या ऑफिसात मी बावीस वर्षं कुंपणांचे तंटे मिटवतोय. दोघांच्या मधोमध रेघ मारायची, विषय संपला.

१३ नोव्हेंबर
आली नाही. सहा दिवस धरू.

१५ नोव्हेंबर
बायकोला आणायला नवऱ्यानं तोंड उघडायचं नसतं. ते काम मामाचं. कोबामेलोमामा तिखट जिभेचा, पण सासरी त्याच्या शब्दाला वजन आहे. बोलणीआधी बैल कापला. बैलाचं डोकं मामाचं, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. पण ओराटीलेचा भाऊ मोआगी, त्यालाही खूश ठेवणं प्रॅक्टिकल. मग सुचलं. कुऱ्हाडीनं डोकं मधोमध फोडलं. एकेक डोळा, एकेक शिंग. दोघांना सारखाच आनंद.

१६ नोव्हेंबर
दोन्ही अर्धी परत आली. मोआगी म्हणाला, "दाजी, दुसऱ्याच्या मामाचा मान मी खाऊ? मला चोर समजलात?"
मामा स्वतः आला. म्हणाला, "तुझ्या आईच्या लग्नाची बोलणी मी केली. तिच्या भावाला फुटकं डोकं पाठवतोस? मग तुझ्या सासरी निम्म्या वाटेपर्यंतच जाऊन येतो."
दोघांना सारखाच राग. समानता टिकली, एवढं तरी आहे.

२४ नोव्हेंबर
दुसरा बैल. अख्खं डोकं. मामा तयार झाला, पण त्याचा कोट वाळवीनं खाल्लाय आणि बोलणीला कोटाशिवाय पुरुषाला आत घेत नाहीत. घरात कोट एकच, माझा. मग मी कुठे बसू, असं विचारलं. "बाहेर," मामा म्हणाला. "आत बसून तरी काय करणार होतास? तुला गप्पच बसायचंय."
कोट दिला. अर्धा करता येतो का, ते पाहिलं होतं.
मामाला पॉइंट पढवला: ती आठवड्यातले निम्मे दिवस आली तरी मला चालेल. घर फार शांत झालंय. मला ती हवी आहे. हे मामाला सांगायचं राहिलं.

२७ नोव्हेंबर, शनिवार
सासरच्या कुंपणाबाहेर बाभळीखाली तीन तास. आतून हसण्याचे आवाज. चांगलं लक्षण. ओराटीले बादली घेऊन बाहेर आली. मी हात वर केला. तिनं बादली दुसऱ्या हातात घेतली आणि आत गेली.
मामा आला तो कोटाची बटणं सोडतच. म्हणाला, "ती काय बोलली ते जसंच्या तसं सांगतो. अकरा वर्षं यांनी प्रत्येक गोष्टीचे दोन वाटे केले आणि दरवेळी कापलं ते माझ्याकडचंच. मी येणार नाही. माझे पाच पत्रे द्या, आईच्या अंगणात चूल झाकायची आहे."
मी म्हटलं, दहाही देतो, सगळे तिच्या स्वयंपाकघरावर घालतो, आजच. मामा पुन्हा आत गेला. लगेच बाहेर आला.
"पाचच म्हणते. वाटे तूच केलेस ना?"

३० नोव्हेंबर
मोआगी गाढवगाडी घेऊन आला. स्वयंपाकघरावरचे पाचही पत्रे काढले. खिळे उपसून माझ्या हातावर ठेवले. "हे तुमचे, दाजी. ताईनं सांगितलंय, जास्तीचं काही आणायचं नाही."
संध्याकाळी पाऊस. चूल गोठ्यात हलवली. निम्मा गोठा माझा, निम्मा शेळ्यांचा. शेळ्यांना मान्य नाही.
ज्वारीचा घाटा सवयीनं दोघांपुरता शिजवला. अर्धा उरला.