तिचा उजवा गुडघा

३ फेब्रुवारी
आज पुन्हा पडता पडता वाचली! उजवा पाय टेकवला की बायकोचा गुडघा एकतर लटपटतो, नाहीतर फाटकन मागे जातो. अर्धांगवायूला दहा आठवडे झाले. मला वाटायचं, ताठ राहतोय म्हणजे पाय भक्कम झाला. फिजिओबाईंनी फैलावरच घेतलं — "काका, हा जोर नाही, गुडघ्याला कुलूप लागतंय. असंच चालवलंत तर सांध्याची वाट लागेल. किंचित वाकलेला गुडघा सांभाळायला शिकायचंय काकूंना."

५ फेब्रुवारी
खुर्चीतून उठ-बस, दहा वेळा. भार उजव्या पायावर. मी समोर स्टुलावर, दोन्ही हात तिच्या गुडघ्याला — मागे जाऊ द्यायचा नाही. एकतीस वर्षांच्या संसारात तिच्या पायाला मी कधी हात लावला होता? गुडघ्यावर जुना व्रण दिसला. कधी पडलीस, विचारलं. बोलणं अजून अडखळतं. "लग्ना... आधी. सायकल."
ही सायकल चालवायची! मला ठाऊकच नाही.

९ फेब्रुवारी
माझ्या हातून भाजी करपली. तिनं मुकाट्यानं खाल्ली. तिच्या जागी मी असतो तर ताट सरकवलं असतं.

१८ फेब्रुवारी
फिजिओबाईंनी सहज विचारलं, "काकू, पाय सुधारला की पहिलं काय करायचं?" मला वाटलं, बाजारात जायचं म्हणेल. ती माझ्याकडे न बघता एकेक शब्द जुळवत म्हणाली, "जिना... उतरायचा. ताईकडे जायचं. राहायला... कायमचं."
बाई उगाच पिशवी आवरत बसल्या.
त्या गेल्यावर विचारलं — माझं काय चुकलं?
"मारलं नाही. शिवी नाही. पण... बोललात कुठे?"
खरं आहे. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या, घरी आलो की पेपर. ती काही सांगायला लागली की माझं "हं". दुखणं यायच्या आधीच तिनं बहिणीला, येतेय म्हणून, कळवलं होतं म्हणे. मला पत्ता नाही.

१९ फेब्रुवारी
उठ-बस पंधरा. मीच मोजल्या.

२ मार्च
जिन्याची तालीम. चढणं जमतं, उतरताना गुडघा दगा देतो. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही लिफ्टवाले. खाली येताना काय नीट हवं?" ब्रेक! "तेच. मांडीनं हळूहळू सोडत जायचं."
जन्मभर लिफ्टची कामं केली आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दिव्याखाली अंधार! आज मात्र वाटलं, नाही तेच बरं. असती तर ही केव्हाच ताईकडे गेली असती.

१४ मार्च
कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे.
काल बाईंना फोन केला — "हिला कणकण आहे, आठवडाभर येऊ नका." कणकण कसली! खडखडीत आहे. हिला सांगितलं, बाई सुट्टीवर.
दुपारी बघतो तर खुर्चीची पाठ धरून एकटीच उभी. गुडघा जरासा वाकवायची, फाटकन मागे. पुन्हा वाकवायची, पुन्हा मागे. घामानं पाठ भिजलेली. मला दारात बघून म्हणाली, "धरा ना."
खाली बसलो. गुडघा धरला आणि रडूच कोसळलं. सगळं सांगून टाकलं. तिनं डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. तोल सावरायला असेल.
"मोजा," एवढंच म्हणाली.
बाईंना कळवलं, उद्यापासून या.

६ एप्रिल
आठ पायऱ्या उतरली, कठडा धरून. गुडघा एकदाही मागे गेला नाही! मी टाळ्या वाजवल्या. वाजवून झाल्यावर कळलं, कशाला वाजवतोय ते.

१३ एप्रिल
हल्ली संध्याकाळी ती बोलते, मी ऐकतो. सायकल निळी होती. वडिलांनी विकली. वाक्याला पाच मिनिटं लागतात, लागू देत. हे तेव्हा का नाही सुचलं — गाढवा!
जाऊ नकोस, थांब, असं तिला म्हणणार होतो. जीभ रेटली नाही.

२१ एप्रिल
ताई टॅक्सी घेऊन आली. बावीस पायऱ्या. तिच्या कमरेला बांधलेला आधाराचा पट्टा माझ्या मुठीत. अर्ध्या जिन्यात म्हणाली, "सोडा."
सोडला. उरलेल्या अकरा ती एकटी उतरली.
टॅक्सीत बसताना — "या कधीतरी. पाहुणे... म्हणून."
येतो म्हणालो.