सात मेगा की पाच हजार किलो

कार्ल्सरूह, रविवार

प्रिय गेर्लिंडेताईस, धाकट्या लेबेरेख्टचा नमस्कार.

गाण्याच्या मास्तरांचा नादकाटा आठवतो का गं? बाकावर आपटला की कसा घुमायचा! सेकंदाला चारशे चाळीस वेळा थरथरतो, म्हणजे चारशे चाळीस हर्ट्झ, असं ते सांगायचे. माझ्याकडे घुमणं तेवढं राहिलं, आकडे गळून गेले (मी तेव्हा 'थरथर'ला यमक शोधत होतो). त्याचीच फळं आता भोगतोय. तुझे गुडघे कसे आहेत?

तर, बागेत माझ्या वाफ्यांच्या डावीकडे वाल्ट्राउटबाई, उजवीकडे एग्बेर्ट. बाई विधवा, मी विधुर, तो नुसताच आगाऊ. मी बाईंना शाळेतल्या वसंताच्या कविता म्हणून दाखवतो, त्या वाटाणे सोलत ऐकतात. आणि काल हा गृहस्थ माझ्या डोक्यावरून ओरडतो, "बाई, आज संध्याकाळी सात मेगाहर्ट्झ! विसरायचं नाही हं!" बाई लाजल्या. लाजल्या गं! (आपल्या जर्मनमध्ये काळीजही 'हेर्त्स' आणि हे मापही 'हेर्त्स', कवितेच्या माणसानं काय समजावं?) सात विराट काळजं!

मीही उठलो. "बाई, तो सातच देतोय. मी पाच हजार देतो. पाच हजार किलोहर्ट्झ!" (किलो बटाट्यांमुळे ओळखीचा.)

बाई खुरपं टाकून हसत सुटल्या. "अहो लेबेरेख्ट, हजार हर्ट्झचा एक किलो, हजार किलोंचा एक मेगा. तुमचे झाले पाचच. कमीच केलेत की!"

"आजोबा," एग्बेर्ट म्हणाला, "हा लिलाव नाही. त्या आकड्यावर रेडिओ लावून आम्ही दोघं बोलतो."

आजोबा! माझ्याहून जेमतेम चार महिन्यांनी लहान आहे मेला. आणि काळजं परवडली असती ताई, ती एकदाच देतात. हे तर रोज बोलतात! त्याच्या छपरावरची ती रेडिओची तार दिसली की माझ्या घराचं धुराडंही कापरं भरल्यासारखं वाटतं. असो. मला काय त्याचं?

तुझा,
लेबेरेख्ट

ता. क. भाऊजींचा माळ्यावरचा रेडिओ चालतो का गं? सहज विचारलं. सात मेगापर्यंत, म्हणजे सात हजार किलोपर्यंत, काटा जातो का तेवढं बघ. नुसतं ऐकीन.

ता. क. पुन्हा. पाकीट चिकटवत होतो तर घंटी वाजली. दारात एग्बेर्ट! काखेत रेडिओ, खांद्यावर तारेचं भेंडोळं, तोंड कडू काकडी चावल्यासारखं. वाल्ट्राउटबाईंनी पाठवलंय म्हणे. निरोपही त्यालाच सांगावा लागला: सात नकोत, तुमचे पाच पुरतील.