कान आत, व्हिसा बाहेर

४ जानेवारी

ठरलं. यंदा परदेश!

हिच्या ताईंच्या लेकीचं लग्न ठरलं. ताई शेजारच्या देशात राहतात, सरहद्द ओलांडली की पहिलंच गाव. सकाळच्या बसने निघालं तर दुपारच्या चहाला हजर. ताईंनी फोनवर हिला सांगितलं की तू आली नाहीस तर त्या दिवशी माझे पाय लटपटतील. ही फोन ठेवून बराच वेळ डोळे पुसत होती. नवरीने खास मला फोनवर बोलावून घेतलं. लग्नाचे फोटो काकाच काढणार, दुसरा कोणी फोटोग्राफर ती दारात उभा करणार नाही. मी शब्द दिला.

संकल्प: सगळी कागदपत्रं मी स्वतः करणार. एजंट नको. मेव्हण्याची मदत तर मुळीच नको. (मेव्हणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. विमा कंपनीत आहे. त्याला सगळं आधीच माहीत असतं आणि तो ते सांगतो.) शिवाय पोट कमी करणार आणि तिकडची भाषा शिकणार.

५ जानेवारी

व्हिसा लागतो म्हणे. शेजारच्या देशात जायला! शेजारी साखर मागायला जाताना आपण परवानगी घेतो का, असं मी हिला विचारलं. ती म्हणाली की मी तरी दार वाजवते.

मेव्हण्याचा फोन. भावोजी, नियम छापून पाठवू का, म्हणाला. मी म्हटलं, मला वाचता येतं.

भाषा उद्यापासून.

७ जानेवारी, दुपार. स्टुडिओत सामसूम.

नियम वाचले. पासपोर्टची मुदत पुरेशी हवी. आहे. आमंत्रणाचं पत्र, परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता. सगळं आहे. मग फोटो. तिथे वाचन थांबवलं. ज्याने निम्म्या गावाचे पासपोर्ट फोटो काढले त्याला हे फोटो शिकवणार? खाली बारीक अक्षरात बरंच काही होतं. महत्त्वाचं असतं तर मोठ्या अक्षरात छापलं असतं.

निम्मं गाव म्हणजे पूर्वीचं. हल्ली पासपोर्ट फोटोवाले समोरच्या दुकानात जातात. त्या पोराला मी झटपट म्हणतो. पांढऱ्या भिंतीपुढे बसवतो, खटकन फोटो, माणूस जसा तसा. याला कला म्हणत नाहीत, याला पुरावा म्हणतात. माझ्याकडे आलेला माणूस येतो त्यापेक्षा बरा होऊन बाहेर पडतो. त्याच्या दारात कायम रांग असते. दर्जाला रांग लागत नाही.

९ जानेवारी

पेंटरला बोलावलं. बोर्डावर माझ्या नावाखाली "आंतरराष्ट्रीय छायाचित्रकार" टाकायला सांगितलं. तो म्हणाला, आधी जाऊन तर या. मी म्हटलं, शब्द लांबलचक आहे, वाळायला वेळ लागेल.

११ जानेवारी

टायमर लावून स्वतःचा फोटो काढला. चष्मा काढून बसलो, त्यामुळे पहिल्या काही फोटोंत मी कॅमेरा समजून टेबलफॅनकडे बघतोय. शेवटचा मस्त आला.

मग कॉम्प्युटरवर किरकोळ सफाई. मला टक्कल नाही. फ्लॅशमुळे कपाळ जरा वरपर्यंत गेल्यासारखं दिसतं, तेवढ्या भागात केस आणून बसवले. दोन हनुवट्या दिसत होत्या, त्यातली माझी ठेवली. कान थोडेसे आत घेतले. पासपोर्टातला जुना फोटोही मीच काढलेला आहे, तो शेजारी ठेवून पाहिला. हुबेहूब! इतक्या वर्षांत माणूस तसूभर बदललेला नाही.

हिला दाखवला. निरखून बघितला आणि म्हणाली, छान आहेत, कोणाकडचे हे?

चष्मा लावला नव्हता तिने. बहुतेक.

१२ जानेवारी

घरात गद्दारी. हिचा फोटो काढायला मी लाइट लावत होतो, तर ही झटपटकडून काढून आली. कारण काय, तर आमच्या लग्नाचा अल्बम मी नंतर सुधारला तेव्हा हिच्या गालावरचा तीळ काढून टाकला होता. त्यानंतर हिची आई अल्बम उघडला की दरवेळी विचारायची, जावईबापूंच्या शेजारी ही कोण बाई? एवढी जुनी गोष्ट. बायका काही म्हणजे काही विसरत नाहीत.

झटपटच्या फोटोत तीळ आहे. अगदी मधोमध. काय सांगावं!

१८ जानेवारी

व्हिसा ऑफिस. काच, काचेमागे एक बाई, बाईंपुढे शिक्के. ही आणि मेव्हणा पाच मिनिटांत मोकळे. मला जास्त वेळ दिला, यावरून काय ते समजावं.

फॉर्मवर प्रवासाचं कारण या रकान्यात मी "लग्न" लिहिलं होतं. बाईंनी मला लग्न करायला जाणाऱ्यांच्या खिडकीवर पाठवलं. तिथल्या माणसाने विचारलं, तुमची होणारी बायको तिकडची का? मी मागे उभ्या असलेल्या हिच्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, झालेलं आहे ना, मग परत कशाला? ही म्हणाली की तोच प्रश्न मलाही पडलाय. मेव्हणा भिंतीकडे तोंड करून हसत होता. खांदे हलत होते.

परत बाईंकडे. बाईंनी माझ्या फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पासपोर्टकडे, मग परत माझ्याकडे. आतून साहेबांना बोलावलं. साहेब माणूस सभ्य. म्हणाले की दोन्ही फोटो एकमेकांशी तंतोतंत जुळतात, पण दोन्ही तुमच्याशी जुळत नाहीत. ज्यांचे फोटो आहेत त्यांना स्वतः यावं लागेल, धाकट्या भावाच्या वतीने अर्ज चालत नाही.

धाकटा भाऊ! मनातून बरं वाटलं. पण व्हिसा नाही.

१९ जानेवारी

सरकारला कलेतलं काही कळत नाही. पण मी हार मानणाऱ्यांतला नाही. चेहऱ्यासारखा फोटो हवा ना? मग फोटोसारखा चेहरा नेऊ. गोष्ट एकच.

रात्रीचं जेवण बंद.

२० जानेवारी

रात्रीचं जेवण चालू. पोटाचा फोटोत काही संबंधच नाही.

२४ जानेवारी

तयारी पूर्ण. नाटकवाल्यांचा फोटो काढला होता तेव्हा त्यांनी विसरलेला केसांचा टोप स्टुडिओत होता. धुतला, विंचरला. कानांमागे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून कान आत बसवले. आरशात पाहिलं. पासपोर्टातला माणूस! ही खोलीत आली, बघून काही न बोलता परत गेली. आनंदाने माणसाला बोलवत नाही.

२५ जानेवारी

व्हिसा ऑफिसात पंखा होता. हे नियमांत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

टोप मी वेळीच धरला. पण हात वर गेले तसा डावा कान सुटला. आवाज झाला. बाई बघत राहिल्या. मी जणू काही झालंच नाही अशा थाटात उजव्या बाजूने बोलत राहिलो, तर तोही सुटला. साहेबांनी मला आत बसवून पाणी दिलं. मग ते बारीक अक्षरातलं पान छापून हातात ठेवलं. एका ओळीखाली रेघ मारली होती: फोटोत कसलाही फेरफार चालणार नाही. म्हणाले, चूक व्हिसाच्या फोटोत नाही, मूळ पासपोर्टातच आहे. तुम्हाला नवा पासपोर्ट काढावा लागेल, साध्या फोटोचा. लग्नापर्यंत मिळणं अवघड.

टोप पिशवीत घालून घरी आलो.

२७ जानेवारी

हिला सांगितलं. चिडेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. ती चिडलीच नाही. एवढंच म्हणाली की ताईला मी सांगते, पण नवरीला तुम्ही सांगा, शब्द तुम्ही दिला होता.

उत्तरं सगळी वाया गेली.

२८ जानेवारी

नवरीला फोन केला. हातात कामं फार आहेत, असं सांगितलं. ती म्हणाली, हो काका, मामाने सांगितलं, कान सुटले म्हणून. मेव्हण्याला मी ओळखून आहे.

हसली खूप. मग हळूच विचारलं की आता माझे फोटो कोण काढणार? मी खोकला आल्याचं निमित्त केलं.

३१ जानेवारी

मेव्हण्याने तोडगा काढला: झटपट. त्याच्याकडे पासपोर्ट तयार आहे. मी खूप विचार करून परवानगी दिली. तोपर्यंत झटपटने हो म्हणून टाकलं होतं, पण परवानगी ती परवानगी.

१२ फेब्रुवारी

झटपटला व्हिसा मिळाला. कामाचा व्हिसा, वर कॅमेऱ्यांची यादी जोडलेली. म्हणजे तसाही नियम होता! तो भेटायला आला, म्हणाला की सर, तुमच्यासमोर मी कोण, काही सांगाल का? चांगला पोरगा आहे. नवरीचं नाक उजवीकडून टिपू नकोस आणि ताईंच्या कपाळावरच्या आठ्या पुसून टाक, असं सांगितलं. तो म्हणाला, पुसत नाही हो मी काही. माझी चांगली लेन्स त्याला दिली.

१९ फेब्रुवारी, सकाळ. बस सुटल्यावर.

ही गेली. खिडकीतून सांगत होती, गॅस बघा, कुलूप ओढून बघा, दूध बाहेर ठेवू नका. बस हलली तशी नुसती बघत राहिली. लग्न झाल्यापासून ही माझ्याशिवाय कुठे गेलेली नाही. मला वाईट वाटलं. डोळ्यांत बसचा धूर गेला.

बस विजेवर चालणारी होती, असं बाजूला उभा असलेला एक माणूस विनाकारण म्हणाला.

२२ फेब्रुवारी

आज लग्न. स्टुडिओ उघडला. गिऱ्हाईक आलं नाही. ताईंचे पाय लटपटले नसतील, ही शेजारी असेल. पेंटरने विचारलं, "आंतरराष्ट्रीय" पुसू का? मी म्हटलं, पुसू नकोस, वरून कापड टाक.

दूध बाहेर राहिलं. फाटलं.

१ मार्च

ही आली. जाडी होऊन आली आहे, मी काही बोललो नाही. झटपटच्या दुकानावर नवा बोर्ड: "आंतरराष्ट्रीय छायाचित्रकार". पेंटर तोच. म्हणाला, अक्षरांचा साचा तयारच होता, वाया कशाला घालवायचा?

फोटो पाहिले. बरे आहेत. खरं म्हणजे चांगले आहेत. ताई आठ्यांसकट हसताहेत आणि त्या हसण्याला त्या आठ्या लागतातच, हे मला माहीत नव्हतं.

सगळ्यांच्या एकत्र फोटोत हिच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा आहे. मी झटपटची चूक काढणार होतो. ही म्हणाली की चूक नाही, नवरीने ती जागा मुद्दाम राखायला लावली. निरोप आहे: काका, ही तुमची जागा, तुम्ही स्वतःला यात घाला, तुम्हाला येतं.

मी उगाच लेन्स पुसत बसलो.

३ मार्च

घातला. व्हिसाचाच फोटो, केसांसकट. उजेड जुळवला, सावली जुळवली. झकास! हिला दाखवला. ती म्हणाली, मी भरल्या लग्नात या परक्या माणसाला खेटून उभी आहे असं ताईच्या सासरचे म्हणतील. काढा त्याला आधी.

५ मार्च

नव्या पासपोर्टसाठी फोटो लागतोच. बाहेर रांग नाही असं बघून झटपटकडे गेलो. पांढरी भिंत, स्टूल. चष्मा काढा, सर. हसू नका, सर. मी हसत नव्हतोच. खटकन. झालं.

बघितला. कपाळ पार मागपर्यंत. हनुवट्या दोन. कान दोन्ही बाजूंची दारं उघडी टाकल्यासारखे. फ्लॅश जुळला नाही म्हणायला गेलो, पण लेन्स माझीच होती.

हिने तो फोटो पर्समध्ये ठेवला. मी म्हटलं, पासपोर्टला लागेल. ती म्हणाली, दुसरी प्रत घ्या, हा माझा.

९ मार्च

झटपटचा फोटो त्या जागेत घातला. सगळे हसताहेत आणि मी एकटा शिक्क्याची वाट बघत उभा आहे. पण मीच आहे. नवरीचं उत्तर लगेच आलं: काका अगदी तस्से आलेत!

कान मात्र अगदी किंचित आत घेतले होते. कोणाच्या लक्षात आलं नाही.

रात्री ९

हिच्या लक्षात आलं. परत बाहेर काढले.