चौदा कामं आणि एक नाव

दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर
२२ मे २००१

ती. वन्सं यांस,

अनसूयेचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे निम्माच वाकले आहे, उरलेला मनातून केला तो पोचला असं समजावं.) तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं आणि जीव भांड्यात पडला. उजव्याचा मोतीबिंदू पिकल्यावर काढणार म्हणता, तर तोवर सुईदोऱ्याला हात लावू नका. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, म्हणून पानं जास्त झाली आहेत. मजकूर जास्त आहे असं समजू नका. (तोही आहे म्हणा.) इकडे पारा पंचेचाळिसावर आहे. तुमच्या बंधूंची साखर आटोक्यात आहे, म्हणजे रक्तातली. डब्यातली अजून चोरूनच कमी होते, आणि विचारलं की मुंग्यांचं नाव पुढे येतं.

आता आमच्या ऑफिसची कथा सांगते. मागल्या वर्षी आमच्या इकडच्या राज्याचे दोन तुकडे झाले ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. आमच्या संस्थेने त्याचा बरोबर उलटा धडा घेतला आणि दोघांचं एक केलं. आमचं माधवगंजातलं शिक्षण मंडळ आणि बिड़ला नगरातली मिल कामगारांच्या शाळांची संस्था, यांचं गेल्या दिवाळीत विलीनीकरण झालं. लग्न म्हटलं की मानपान आलाच. त्यांचं रजिस्टर हिरवं, आमचं लाल. त्यांच्याकडे दाखला सकाळी मिळायचा, आमच्याकडे 'उद्या या' मिळायचं. ते आम्हाला पंडित म्हणायचे, आम्ही त्यांना भोंगा म्हणायचो. (मिल बंद पडून इतकी वर्षं झाली, तरी ते जेवायला भोंग्याच्या वेळेलाच उठतात.) शेवटी अध्यक्ष संभाजीरावांनी ठरवलं की दोन्हीकडच्या सात शाळांचा कारभार एकाच कॉम्प्युटरवर चढवायचा, म्हणजे भांडायला रजिस्टरच उरणार नाही. त्यासाठी युनिक्स नावाचं मोठं यंत्र आलं आणि ते संगीत शिकवायच्या खोलीत बसवलं. तिथे एसी लावला. सव्वीस वर्षं मी पंख्याखाली कागदावर पेपरवेट ठेवून काम केलं, आणि हा कालचा पाहुणा थंड हवेत.

यंत्र सांभाळायला जागा एकच, सिस्टिम इनचार्जची. उमेदवार दोन: माधवगंजची मी आणि बिड़ला नगरचे जयसिंहराव. (मिशी तुम्ही पाहिली नाहीत. पाहिली असतीत तर डाव्या डोळ्यानेसुद्धा लांबून ओळखली असतीत.) ज्याला जागा मिळणार नाही त्याची बदली श्योपुरच्या शाळेत. वन्सं, निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना श्योपुर! छोट्या रेल्वेने जायचं म्हणजे सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी पोचतो, आणि मधल्या स्टेशनांवर गाडीआधी म्हशी सुटतात. मला गाडीची भीती नव्हती, खरं सांगते. भीती होती ती ह्यांची. एकतीस वर्षांत आम्ही चार दिवसांच्या वर वेगळे राहिलेलो नाही, आणि ह्यांना मिठाचा डबा कोणता हे अजून ठाऊक नाही. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, पण गॅसच्या शेगडीचं बटण कुठे फिरतं ते चित्र काही डोक्यात उतरलं नाही. मी गेले तर हा माणूस साखर खाऊन जगेल. म्हणून काहीही झालं तरी श्योपुरला जायचं नाही, अशी मी मनात गाठ मारली होती.

कंपनीचे इंजिनियर भदौरियाजी आले, दोन दिवसांत सॉफ्टवेअर घातलं आणि 'हो गया' म्हणाले. आम्ही पेढे मागवले. पेढे खाऊन झाल्यावर त्यांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर स्वतःच्या हाताने चौदा कामं लिहिलेली होती. म्हणाले, यह सब बाद में करना है, इसके बिना नहीं चलेगा. मग 'हो गया' कशाला म्हणालात, असं विचारेपर्यंत ते झाशीला पोचलेसुद्धा. संभाजीराव म्हणाले, दोघं मिळून करा, ज्याचं काम चोख त्याची जागा. सॉफ्टवेअर घालणं म्हणजे नवी सून उंबरठा ओलांडून आत येणं, वन्सं. खरा संसार त्यानंतर सुरू होतो, हे कंपनीने आधी सांगायला हवं होतं.

पहिल्या तीन कामांत 'रूट', म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, होऊन काहीतरी चालवायचं होतं. ते मी चालवलं, आणि ते चाललं. चौथं काम होतं परवानग्यांचं. प्रत्येक फाइलला तीन वर्ग: मालक, त्याचा गट आणि 'अदर्स', म्हणजे इतर. फाइली मी बनवल्या होत्या म्हणून मालक मी, गट माधवगंज, आणि उरलेले इतर. बिड़ला नगरच्या लोकांनी पडद्यावर हे पाहिलं आणि पेन खाली ठेवले. हम अदर्स हैं क्या? विलय हो गया, फिर भी अदर्स? जयसिंहरावांच्या मिशा तर दोन दिशांना गेल्या. दोन दिवस काम बंद. शेवटी नवा गट काढला, त्याचं नाव 'परिवार' ठेवलं आणि सगळ्यांना त्यात घातलं. आता इतरांत कुणीच नाही. (म्हणजे अख्खं ग्वाल्हेर आहे, पण त्यांनी अजून तक्रार केलेली नाही.)

सहाव्या कामात यंत्राला त्याचं 'होम' कुठे आहे ते लिहून द्यायचं होतं. एवढं पाच लाखांचं धूड, पण सांगितल्याशिवाय त्याला स्वतःचं घर सापडत नाही. मला त्याची दया आली आणि मिठाचा डबा आठवला. मग आलं बारावं. कागद सगळ्यांनी वाचावा म्हणून जयसिंहरावांनी तो नोटिस बोर्डावर लावला होता, आणि त्यात भदौरियाजींच्या अक्षरात लिहिलं होतं: 'टेंपरेरी सब हटा देना।' त्यांना म्हणायच्या होत्या यंत्रातल्या तात्पुरत्या फाइली. पण आमच्याकडे हंगामी शिक्षिका नऊ आहेत. त्या नऊच्या नऊ डोळ्यांना पदर लावून संगीताच्या खोलीत आल्या, आणि मंदाताई म्हणून त्यांच्यातली सर्वांत जुनी, चौदा वर्षं हंगामी, ती यंत्रापुढेच हात जोडून उभी राहिली. जयसिंहरावांनी तिला खुर्ची दिली, एसीसमोर बसवलं आणि स्वतः जाऊन कागद बोर्डावरून उतरवला. त्या दिवशी मला हा माणूस पहिल्यांदा बरा वाटला. (तसं मी दाखवलं नाही.)

खरी गोष्ट आहे नवव्या कामाची, ती मागे ठेवली होती. यंत्राचा मुख्य पासवर्ड बदलायचा. कुणाला ओळखता येऊ नये, कुठे लिहू नये, कुणापाशी तोंडातून काढू नये. मी विचार करत बसले, की बाई, असा कोणता शब्द आहे जो आपण कधी तोंडातून काढत नाही? आणि एकदम हसूच आलं. एकतीस वर्षं झाली, लग्नाच्या पंगतीत उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर 'हे', 'अहो', 'ऐकलं का' आणि तुमच्यापाशी 'तुमचे बंधू'. याहून सुरक्षित पासवर्ड अख्ख्या कंपनीत कुणाचा असेल? मी दार लावून घेतलं आणि टाइप केलं. आणि वन्सं, काय सांगू, पासवर्ड टाइप करताना पडद्यावर अक्षरं उमटतच नाहीत. काहीच दिसत नाही, नुसती काळी ओळ. मला फार बरं वाटलं. म्हटलं, यंत्र परदेशी असलं तरी त्याला घरची रीत कळते.

चौदावं काम होतं यंत्र एकदा बंद करून पुन्हा चालू करायचं आणि पासवर्ड घालून आत जायचं. पंधरा दिवस ते अखंड चालू होतं, त्यामुळे पासवर्ड पुन्हा लागलाच नव्हता. संभाजीरावांना हे काम इतकं आवडलं की त्यांनी त्याचंच उद्घाटन ठेवलं. परवाच्या रविवारी माझी कंबर धरलेली, नारळ, हार, ऐंशी माणसं, संगीताची खोली भरून व्हरांड्यातही लोक. यंत्र बंद केलं, चालू केलं, ते शहाण्यासारखं उठलं आणि त्याने पासवर्ड मागितला. मी घातला. 'चूक' म्हणालं. नोकरीच्या फॉर्मात पतीच्या नावाच्या रकान्यात लिहिते तसंच घातलं होतं, अक्षर न् अक्षर. वाटलं घाईत चुकलं. पहिलं अक्षर मोठं करून पुन्हा घातलं. पुन्हा चूक. आणि कागदावर लिहिलेलं होतं की तिसऱ्यांदा चुकलं तर खातं बंद पडेल आणि झाशीहून माणूस येईपर्यंत उघडणार नाही. माझ्या डोळ्यांपुढे श्योपुरच्या म्हशी उभ्या राहिल्या.

जयसिंहरावांनी भदौरियाजींना फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या कानाला दिला. ते म्हणतात, मैडम, जो नाम डाला था वह बोल दीजिए, स्पेलिंग मैं बता दूँगा. मी गप्प. मैडम, बोलिए. मी गप्प. ऐंशी माणसं माझ्या तोंडाकडे बघताहेत, संभाजीराव घड्याळाकडे. मला वाटलं जमीन दुभंगेल तर बरं. तेव्हा जयसिंहरावांनी माझ्याकडे नीट पाहिलं, त्यांची मिशी एका बाजूने हलली, आणि त्यांनी रिसीव्हर घेऊन फोनमध्ये सांगितलं, भाईसाहब, रुकिए, यह मामला आपके बस का नहीं है. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "बाई, लाजू नका. नाव घ्या." वन्सं, माझी जागा हवी असलेला माणूस होता तो. गप्प बसला असता तर यंत्र त्याचंच होतं.

मागच्या बायकांना कळायला वेळ लागला नाही. 'नाव घ्या, नाव घ्या' सुरू झालं, आणि ज्यांना मराठी येत नाही तेही टाळ्या वाजवायला लागले. मग मी पदर सावरला आणि जे सुचलं ते म्हटलं:

नारळ फुटला, हार घातला, यंत्र बसलंय रुसून,
अमुकरावांचं नाव घेते, बघू उठतंय का हसून!

(अमुकच्या जागी मी खरं नाव घेतलं. तुम्हाला ते ठाऊक आहे, पत्रात लिहीत नाही.) आणि स्वतःच्याच कानांनी ते ऐकलं मात्र, माझ्या लख्ख लक्षात आलं. राव! उखाण्यात कधी कुणी नुसतं नाव घेतं का? त्या दिवशी दार लावून टाइप केलं तेव्हाही मी मनात उखाणाच घेतला होता, शेवटी रावसकट. फॉर्मातलं कोरडं नाव ते यंत्राने ओळखावं कसं? तिसऱ्यांदा राव लावून घातलं आणि यंत्र उघडलं. ऐंशी माणसांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की फोनवर भदौरियाजी विचारत होते, कौन जीता? संभाजीरावांनी जागच्या जागी मला इनचार्ज जाहीर केलं, आणि जयसिंहरावांनाही श्योपुरला न पाठवता माझ्या हाताखाली ठेवून घेतलं. तेव्हा सगळं कुशल आहे, काळजी नसावी. दुसऱ्या डोळ्याची तारीख कळवावी, आणि लहानांना आशीर्वाद.

आपली,
सौ. अनसूया

ता. क. एक छोटं काम होतं. ऐंशी माणसांना कळलेला पासवर्ड पासवर्ड राहत नाही. माधवगंजची भाजीवालीसुद्धा काल मला नावानिशी ह्यांची तब्येत विचारत होती. तर नवं नाव हवं. तुमच्या बंधूंचं पाळण्यातलं जन्मनाव तुम्हाला ठाऊक आहे, सासूबाईंनी ते तुम्हालाच सांगून ठेवलं होतं, मला कुणी सांगितलं नाही. पण नियमाप्रमाणे ते पत्रात लिहू नका आणि फोनवरही सांगू नका. झेलम एक्सप्रेसने इथे या आणि माझ्या कानात सांगा.

ता. क. २. वन्सं, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. जन्मनावाचं निमित्त आहे, पासवर्ड मी काहीही ठेवीन. टाळ्या थांबल्यावर संभाजीराव पुढे म्हणाले की श्योपुर लांब पडतं म्हणून तिथल्या शाळेतही असंच यंत्र येतं आहे, आणि ही चौदा कामं येणारी बाई संस्थेत एकच आहे. एक जूनपासून दोन महिने. इथल्या एसीत तोवर जयसिंहराव बसतील. तेव्हा तुम्ही याच, आणि दोन महिने राहा. मिठाचा डबा हिरव्या झाकणाचा आहे, साखरेचा मी कुलपात ठेवते आहे. ह्यांनी तोंडाने सांगितलेलं नाही, पण कालपासून स्वयंपाकघरात येऊन डबे उघडून बघतात आणि लावून ठेवतात. मला बघवत नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तोच हे येऊन शेजारी बसले. मग म्हणाले, ऐंशी माणसांना ऐकवलंस म्हणे, त्यात मी नव्हतो. मला उखाणा सुचेना. तसंच घेतलं, वन्सं, नुसतं, राव लावायचंही राहून गेलं. तेवढ्यावर यंत्र उघडलं नव्हतं, पण ह्यांनी 'ओ' दिली. तुमच्यापासून काय लपवायचं, इथेही लिहिते: बळवंत.