डब्यात उरलेलं एक लिटर

प्रिय दादा,

उमरोळीत जगन मिस्त्रीच्या गॅरेजसमोरच्या बाकावर बसून हे लिहितोय. तुझ्या बाइकच्या क्लचच्या नव्या प्लेटा तेलात भिजत ठेवल्यात. कोरड्या बसवल्या तर जळतील, दोन तास भिजू द्या, असं जगन म्हणतो. त्या बसल्या की गाडी घेऊन मला तुझ्या घरी जायचंय आणि वहिनीसमोर उभं राहायचंय. म्हणून आधी तुला सांगतो.

तुझ्या सायलीला बोईसरला नोकरी लागली, दादा! सोमवारपासून जायचंय. तू गेल्यावर सगळे म्हणत होते, ती गाडी विकून टाका, दारात नको. पोरीनं ऐकलं नाही. "बाबांची गाडी आहे, मीच चालवणार." चार महिने ताडपत्रीखाली उभी होती. परवा वहिनीचा फोन आला. "भावजी, गाडी जगनकडे नेऊन दाखवा. आणि तेल तेवढं बदलून घ्या. तेलातलं तुम्हालाच कळतं, असं हे म्हणायचे."

खरंच म्हणायचास असं?

तो रविवार आठवतो? माझ्या कारचं तेल बदलून डब्यात एक लिटर उरलं होतं. पालघरच्या दुकानातलं, भारीतलं. तुझ्या गाडीला तेवढंच लागतं. डब्यावरचा तेलाच्या दाटपणाचा आकडाही जुळत होता, टेन डब्ल्यू थर्टी. मी अंगणात बसून जुनं तेल काढलं, हे ओतलं. तू पायरीवर उभा राहून हसत होतास. "नंदू, गाडीला तूप पाजतोस की काय रे!"

"बघच तू, लोण्यासारखी पळेल," मी म्हणालो.

दहा दिवसांनी आपल्या फाट्यावर त्याच गाडीवरून रस्ता ओलांडताना तुला टेम्पोनं उडवलं.

ड्रायव्हर पळाला नाही. त्यानंच तुला दवाखान्यात आणलं. दाराशी उभा राहून एकच सांगत होता, "साहब, इनकी गाड़ी चिल्ला रही थी, आगे बढ़ ही नहीं रही थी. भैया बीच रस्ते में अटक गए." सगळे त्याच्या अंगावर धावून गेले. वहिनी त्याला खोटारडा म्हणाली. आणि मी मान डोलावली, दादा! पण इंजिन ओरडतंय आणि गाडी हलत नाही, म्हणजे क्लच घसरतोय, एवढं मलाही कळत होतं. तो का घसरला असेल, हे विचारायला मात्र मी चार महिने कुणाकडे गेलो नाही. उत्तराचीच भीती वाटत होती.

आज सकाळी जगननं तेल काढलं, बोटांवर चोळून पाहिलं. मग डोळे वर न करता म्हणाला, "ह्ये तुमीच टाकलेलं ना?"

"हो, मीच."

"कारचं हाय ना?"

त्यानं मग शाळेतल्या मास्तरसारखं समजावलं. कारचा क्लच वेगळा असतो, कोरडा. बाइकमध्ये इंजिन आणि क्लच दोन्ही एकाच तेलात बुडालेले. कारच्या अशा तेलात घर्षण कमी करणारं काहीतरी घातलेलं असतं. इंजिनाला ते मानवतं, प्लेटांना नाही. "प्लेटांनी एकमेकींना धरायला नको? तुमी त्यांनाच घसरायला लावलं." बाइकच्या डब्यावर 'फोर-टी' लिहिलेलं असतं. मागे बारीक अक्षरात 'जासो एमए' किंवा 'एमए टू', म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचला चालेल असं. नुसता आकडा जुळून भागत नाही.

छापलेलं वाचून तपासण्याच्या नोकरीत माझा जन्म गेला, दादा. आणि त्या डब्याची मागची बाजू मी वाचली नाही!

जुन्या प्लेटा काळ्या पडल्या होत्या. "तेलामुळेच?" मी विचारलं.

"प्लेटा जुन्या होत्याच. तेलानं किती आन् वयानं किती, ह्ये मी नाय सांगू शकत." जुन्या प्लेटा त्यानं बाजूला ठेवल्या. मग म्हणाला, "तुमच्या भावाला सांगितलेलं मी. अपघाताच्या तीन-चार दिवस आधी आलेले. चढाला नुसती ओरडते म्हनाले. मी म्हटलं, ह्ये तेल आताच काढून टाकू. तर म्हनाले, नको, धाकट्यानं हौसेनं टाकलंय, त्याला वाईट वाटंल. पुढचं तेल बदलताना बघू."

मला वाईट वाटेल म्हणून? अरे, एक फोन करायचास! शिव्या घालायच्यास! लहानपणी शिरगावच्या किल्ल्यात मी तटावर चढलो की कान धरून खाली उतरवायचास. तेव्हा मला वाईट वाटायची काळजी नव्हती तुला. मी दोन पोरांचा बाप झालो म्हणून माझा मान ठेवायला लागलास? कशाला ठेवलास, दादा?

आता सगळ्याचीच भीती वाटते. सायली माझ्याकडे कशी बघेल? बघेल तरी का? सोमवारी ती फाट्यावर रस्ता ओलांडेल तेव्हा ही गाडी अडली तर? जगनला तीनदा विचारलं, बरोबर बसतील ना रे प्लेटा? तिसऱ्यांदा तो चिडला. "तुमीच बसा आन् फाट्यावर दहा चकरा मारा. मंग पोरीला द्या."

मारणार आहे.

पण सगळ्यात जास्त भीती वाटते ती वहिनी रागावणारच नाही याची. 'असू दे भावजी, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?' असं म्हणेल आणि विषय मिटवेल. तुमचं घरच तसं! मग तो ड्रायव्हर? त्याच्यावर बोईसर पोलिसांची केस चालू आहे. खरं बोलला तो, आणि आपण सगळ्यांनी त्याला खोटं ठरवलं.

जगननं हाक मारली. "या, बसवतो."

आता घरी गेलो की वहिनी आधी चहा टाकेल. कप हातात आला की माझी जीभ उचलणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून चपला काढायच्या आधी, उंबऱ्याबाहेरूनच सांगेन. सायलीच्या देखत सांगेन. आणि वहिनीनं असू दे म्हटलं, तरी उद्या बोईसरच्या पोलीस ठाण्यात जाऊन ते तेल मी ओतलं होतं, हे माझ्या सहीनं लिहून देईन.

तुझा धाकटा,
नंदू