अर्जावरची माझी सही

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

धक्का अजून ओसरला नाही. दुपारी व्यापाऱ्यांच्या सभेत मी बोललो. सरकारनं तुरीच्या साठ्यावरची मर्यादा उठवावी, आयात-निर्यातीचं दार सारखं उघडबंद करू नये, भाव बाजारालाच ठरवू द्यावा. टाळ्या पडल्या. यातला शब्दन् शब्द मी मानतो.

मग चहाच्या वेळी मागून कुजबुज आली. माझे कान तिखट आहेत, हे लोक विसरतात.

"हिवरखेडच्या त्या बाईले हर्राशीत बोली लावूच द्यायची नाही. बाजार समितीत अर्ज देल्ला. भाऊची सही सगळ्यात वर हाय."

माझी सही? हो, सकाळी कचोरी खाताखाता केली, न वाचता. ती बाई म्हणजे संगीताबाई. गावातल्या बायकांना घेऊन डाळ मिल चालवते आणि शेतकऱ्याला आमच्यापेक्षा चढा भाव देते. एवढाच तिचा गुन्हा.

मी वळून म्हणालो, "काहून गा, आत्ताच खुल्या बाजारासाठी टाळ्या वाजवल्या ना तुमी?"

कुजबुजणाऱ्यांतला रमेशशेठ म्हणाला, "भाऊ, खुला बाजार सरकारले सांगाले असते. आपल्यात कायले आणता?"

सगळे हसले. मीही हसलो. का हसलो मी?

भातकुलीसारख्या खेड्यातून येऊन मी इथं पहिली बोली लावली, तेव्हाही लोक असेच हसले होते. पण हसले तरी बोली लावू दिली होती.

उद्या हर्रास सुरू व्हायच्या आधी समितीत जाऊन सही मागे घेतो, सगळ्यांदेखत. हसतील. हसू देत. उद्या मी हसणार नाही.