पायाळूचा फोटो स्टुडिओ

१ जून १९३९, मुरबाड

आजपासून सहा महिने बिनपगारी रजा. हेडमास्तर म्हणाले, भोईर, एक डिसेंबरला हजर झाला नाहीत तर जागा गेली समजा. मी गालातल्या गालात हसलो. एक डिसेंबरला मला शाळेची आठवणही राहणार नाही.

बाजारपेठेत ओटी आणि एक खोली घेतली. कल्याणहून जुना कॅमेरा आला. सागवानी पेटी, पितळी भिंग, तीन पायांची घोडी, काळे फडके. मागे पडदा. पडद्यावर महाल, कारंजे आणि मोर. मोर थोडा बदकासारखा आहे, पण लांबून कळत नाही.

बोर्डावर 'कुंडलिक आर्ट फोटो स्टुडिओ' लिहायला सांगितले होते. पेंटरने 'आठ फोटो स्टुडिओ' लिहिले. लोक विचारतात, बाकीचे सात कुठं हायती.

संकल्प : (१) रोज पहाटे उठून उजेडाचा अभ्यास. (२) कोणाशी वाद घालायचा नाही. (३) पाय कोणालाही लावायचा नाही.

तिसऱ्याबद्दल. मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी आले, यात माझा काही दोष नाही. पण गावात कोणाला उसण भरली की ते माझ्यापुढे पालथे पडत आणि पाठीला तीनदा पाय लावून घेत. फायनल पास झालो, मास्तर झालो, तरी पालकसभेला येणारे निम्मे पालक वाकलेलेच असत. मुरबाडात हे कोणाला ठाऊक नाही. आईला सक्त ताकीद दिली आहे.

२ जून

उठायला आठ वाजले. उजेड भरपूर होता.

४ जून

बायकोला, भागीरथीला, पाचवा महिना आहे. आज भाकरी वाढताना म्हणाली, माझा एक फोटो काढून ठेवा. तिची थोरली बहीण भिमी पहिल्याच बाळंतपणात गेली. भागीरथी म्हणाली, आता तिचं तोंड आठवाय गेली का नुसतं लुगडंच आठवतं. माझं तसं नको व्हाया.

मी म्हटले, अवश्य. पण आधी गिऱ्हाइकांवर हात बसू दे, मग तुझा काढतो, म्हणजे उत्तम येईल. तिने मान हलवली. समंजस बाई आहे.

१९ जून

गिऱ्हाईक नाही. धसईचा देवजी नावाचा शेतकरी आत आला. त्याच्या हातात मोडकी छत्री होती. माझे काळे फडके पाहून त्याला वाटले, इथे छत्र्या दुरुस्त करतात. मी त्याला फोटोशास्त्र समजावून सांगितले. तो सगळे ऐकून घेऊन म्हणाला, मंग छत्रीचं काय.

८ जुलै

शेवटी लोक जागे झाले. सकाळपासून ओटीवर रांग. भाताच्या आवणीचे दिवस असूनही लोक कामे टाकून येत आहेत. कलेची ओढ म्हणतात ती ही. देवजी सर्वांत पुढे होता, छत्रीशिवाय.

देवजीला खुर्चीवर बसवले. हलू नका म्हणालो. जो बसला तो पुतळा. मुंबईच्या स्टुडिओतसुद्धा इतके स्तब्ध गिऱ्हाईक मिळणार नाही. काचेच्या प्लेटीवर फोटो उतरला. उठा म्हटले, तर तो उठेना. म्हणाला, मास्तर, उठवत असतं तर आलोच कशाला असतो. पाय लावा की.

आईने बाजारात कोणाकडे तरी बोलून टाकले आहे.

मी साफ नकार दिला. रांग ओटीवरून हलेना.

९ जुलै

मला एक कल्पना सुचली. (काल दुपारी भागीरथीने ती बोलून दाखवली होती, पण तिचे महत्त्व तिला कळले नव्हते.) नियम असा : जो फोटो काढून घेईल त्यालाच पाय. याने माझा संकल्प मोडत नाही. पाय ही जाहिरात आहे. फोटो हा धंदा आहे.

२२ जुलै

एकतीस फोटो झाले. सगळी माणसे डावीकडे नाहीतर उजवीकडे कललेली आहेत. प्रथम मला वाटले घोडीचा पाय लहान आहे. पण पडद्यावरचा महाल सरळ आला आहे. ही बसण्याची मुरबाडी ढब असावी. कोणी कल्याणला विचारले तर हेच सांगायचे.

पाय लावला की माणूस ताठ होऊन घरी जातो. फोटो न्यायला कोणीही परत आलेले नाही. वाळू नावाच्या एका गिऱ्हाइकाला रस्त्यात अडवून विचारले. तो म्हणाला, ते वाकडं तोंड नेऊन काय करू, पाठ बरी झाली की. एकतीसही फोटो भिंतीवर लावले. स्टुडिओ भरल्यासारखा दिसतो.

भागीरथीने पुन्हा फोटोचे काढले. प्लेटा गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवायला हव्यात, हे तिला समजावले.

३० जुलै, रविवार

भागीरथीला सातवा लागला. परवा तिचे वडील अनंतामामा तिला माहेरी न्यायला येणार. तेव्हा आज तिचा फोटो काढला.

हिरवे लुगडे, नाकात नथ. महालापुढे बसवले. मी घोडीपाशी गेलो तेवढ्यात आईने मध्येच काळ्या फडक्यात डोके घातले आणि किंचाळत बाहेर आली. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर माणूस उलटा दिसतो. डोके खाली, पाय वर. भिंगाचा नियमच आहे तो. आई म्हणाली, पोटुशी बाई उलटी दावलीस रे, पोर उलटं फिरंल. मी भिंगाचा नियम फळ्यावर काढल्यासारखा समजावून सांगितला. आई म्हणाली, तू उलटा आलास तवा दोन दिस मी वरडत होते, तवा तुजं भिंग कुठं व्हतं.

अडाणीपणाला औषध नाही.

भागीरथी या सगळ्यात एकदाही हलली नाही. पापणीसुद्धा नाही. म्हणाली, तुमी काढा. मला खात्री आहे, आजवरचा माझा हा सर्वोत्तम फोटो होणार.

१ ऑगस्ट

अनंतामामा आले आणि भागीरथीला बैलगाडीने डोळखांबला घेऊन गेले. ते माझ्याशी फारसे बोलत नाहीत. मास्तर बघून मुलगी दिली होती असे आईला दोनदा ऐकवून गेले. गाडीत बसताना भागीरथी म्हणाली, फोटो धाडा हं. मी म्हटले, धाडतो कसला, फ्रेम करून स्वतः घेऊन येतो.

९ ऑगस्ट

भागीरथीची प्लेट धुतली. कोरी.

प्लेटीत दोष. हल्ली माल चांगला येत नाही.

(प्लेट ज्या पेटीत भरतात तिचे झाकण फोटो घेताना वर ओढायचे असते. आईच्या किंचाळण्यामुळे ते राहिले असावे. पण प्लेटीत दोष असणारच.)

डोळखांबला पत्र टाकले : फोटो उत्कृष्ट आला आहे, फ्रेमचे काम चालू आहे.

५ सप्टेंबर

विलायतेत लढाई सुरू झाली. कल्याणचा दुकानदार म्हणतो, जर्मन प्लेटा बंद. माझ्याकडे चार उरल्या. ऐन भरभराटीत हे व्हावे.

लढाईचा परिणाम मुरबाडपर्यंत पोचला आहे. ओटीवर कोणी फिरकत नाही. आई म्हणते आवणी संपली, पाठी बऱ्या झाल्या. आईला राजकारण कळत नाही.

२४ सप्टेंबर

उरलेल्या चारपैकी तीन प्लेटांवर प्रयोग केले. (नदीवरचा सूर्योदय. सूर्य आधीच वर आलेला होता.)

१७ ऑक्टोबर, दुपार

आत्ता वाळू आला. डोळखांबहून निरोप आहे. भागीरथी कालपासून अडली आहे. पोर उलटे आहे. सुईण राहीबाई म्हणते, बाईचं कायच सांगता येत नाय. अनंतामामांनी सांगितले आहे, लगेच निघा, आणि फोटो घेऊन या. तिनं मागितला हाय.

भिंतीवर एकतीस माणसांची तोंडे आहेत. तिचे नाही. डोळे मिटून आठवायला गेलो तर हिरवे लुगडेच येते. मला फार भीती वाटते आहे.

कोरी काच पंच्यात गुंडाळून घेतली. का घेतली ते माहीत नाही.

१९ ऑक्टोबर, डोळखांब

मुलगी. पाय आधी आले. दोघी जिवंत आहेत. राहीबाई दोन दिवस जेवली नव्हती. मी तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, माज्या पाया कशाला पडता, घरात पायांची काय कमी हाय.

बाळंतिणीच्या खोलीच्या दारातून भागीरथीला पाहिले. पार उतरली आहे. पहिले काय बोलली तर, आणला का. मी पंच्यातून काच काढून दिली. म्हटले, ही मूळ प्लेट, कागदावर उतरवायची राहिली आहे. तिने काच दाराच्या उजेडाला धरली. म्हणाली, कायच दिसत नाय. मी म्हटले, उजेड कमी आहे. ती म्हणाली, बरं. आणि काच उशाखाली ठेवली.

तिला सगळे कळले असावे असे मधूनच वाटते. पण फोटोशास्त्र बायकांना कळत नाही.

१२ नोव्हेंबर, मुरबाड

पेटीने पोर उलटे फिरवल्याची गोष्ट आईने दोन्ही तालुक्यांत पोचवली आहे. पोटुश्या बायका माझ्या ओटीसमोरून जात नाहीत, मागच्या वावरातून वळसा घालतात. आज एक ठाकरीण चुकून समोर आली, तर पोटावर सूप धरून पळाली. मी भिंगाचा नियम सांगायला तिच्यामागे चार पावले गेलो. तसे करायला नको होते.

कापणी चालू आहे, पाठी पुन्हा धरल्या आहेत, तरी रांग नाही. देवजी भेटला, डोळखांबहून येत होता. ताठ. म्हणाला, मास्तर, तुमचा पाय आता जुना झाला. पोरीच्या पायाचा गुण लई भारी. मऊ पण हाय.

अनंतामामांचा निरोप : एक तारखेला शाळेत जाणार असाल तर गाडी जुंपतो. पेटीवाल्याच्या घरी लेक नि नात धाडायची नाय. निरोप्याला तसाच परत पाठवला. स्वाभिमान आहे. घरात फार शांत वाटते.

२० नोव्हेंबर

घोडी उचलताना उसण भरली. स्वतःचा पाय स्वतःच्या पाठीला लावता येत नाही. प्रयत्न केला. आईने पाहिले.

२२ नोव्हेंबर, डोळखांब

वाकलेल्या स्थितीत, कॅमेरा, प्लेट धुण्याचे सामान आणि आई यांच्यासह पोचलो. दारात अनंतामामांनी विचारले, बायकोला भेटाय आलात का पाठ दावाय. मी म्हटले, फोटोसाठी. ते म्हणाले, मंग आधी रांगेत बसा.

माझ्यापुढे सहाजण होते. माझा नंबर आल्यावर भागीरथीने पोरीचे पाऊल माझ्या पाठीला तीनदा लावले. चिंचोक्याएवढी बोटे. योगायोगाने त्याच वेळी उसण गेली.

२६ नोव्हेंबर

शेवटची प्लेट. भागीरथी आणि मुलगी, खळ्यात, सकाळच्या उन्हात. भागीरथीने हिरवे लुगडे नेसले, केस विंचरले, कितीतरी वेळ तयारी केली. झाकण ओढले. दोनदा खात्री केली. मुलगी सारखी पाय झाडत होती, म्हणून भागीरथीने तिचा घोटा धरला. आई यावेळी फडक्यापासून वीस हात लांब होती. कोणतीही चूक होणे शक्य नव्हते.

२८ नोव्हेंबर

प्लेट धुतली. खळ्यातल्या ओल्या शेणात घोडीचा पुढचा पाय खचला होता. भिंग खाली झुकले. भागीरथीचे तोंड काचेबाहेर राहिले. मुलीचेही. मधोमध मुलीची दोन पावले आली आहेत, तळव्याच्या रेघा मोजाव्यात इतकी स्पष्ट.

आजवरचे माझे सर्वांत स्पष्ट काम.

२९ नोव्हेंबर

जे घडले त्यावर माझाच विश्वास बसत नाही. देवजीने तो फोटो पाहिला आणि एक प्रत मागितली. मग वाळूने. मग सगळ्या पाड्याने. संध्याकाळपर्यंत कागद संपला. शेवटी या लोकांना कलेची जाण आली.

(ते फोटो सदऱ्याच्या आत, पाठीला लावून फिरतात. देवजी म्हणाला, आता दर खेपंला डोळखांबला याया नको. प्रदर्शनाच्या पद्धती वेगवेगळ्या असू शकतात.)

३० नोव्हेंबर

अनंतामामांनी विचारले, उद्या कुठं. मी म्हटले, लढाईमुळे प्लेटा नाहीत, तात्पुरते शाळेत जावे म्हणतो. ते गाडी जुंपायला गेले.

राहिलेली एक प्रत भागीरथीला दिली. तिने विचारले, मी कुठं हाय ह्यात. मुलीच्या घोट्याभोवती एक हात आला आहे, तो दाखवला. म्हटले, तू धरलंस म्हणून पाय हलला नाही. तिने प्रत डोळ्यांजवळ धरली. मग म्हणाली, बांगडी वळखली मी. मला लाज वाटली. तसे सांगणार होतो, पण गाडी दारात आली.

निघायच्या आधी ती कुंकू लावायला बसली. हातात ती कोरी काच होती. बाळंतघरात पडल्यापडल्या तिने काचेला मागून दिव्याची काजळी फासून आरसा केला आहे. मी बघतो आहे हे तिने त्यातच पाहिले. म्हणाली, ह्यात येते मी. हललं तरी येते.

म्हणजे प्लेटीत दोष नव्हता.